बसलेली घडी विस्कटू नये

प्रत्येक नात्यागोत्यात 'त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी ख्याती असलेला एक तरी माणूस असतो. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आलंय. अशा माणसाला येणाऱ्या फोनांचे मुख्य प्रकार दोन. पहिला, "अरे, चालूच होत नाहीये." हा सोपा, कारण बहुतेक वेळा मागची वायर निघालेली असते. दुसरा अवघड. "अरे, काल ते अपडेट झालं आणि आज माझं सगळं गेलं बघ."

हे 'माझं सगळं' म्हणजे नेमकं काय, ते फोनवर सांगता येत नाही. कागदपत्रं जागेवर असतात. फोटो जागेवर असतात. हिशेबही असतो. गेलेलं असतं ते वेगळंच. आत्याने मोठं करून घेतलेलं अक्षर पुन्हा मुंगीएवढं झालेलं असतं. मराठी कीबोर्डच्या जागी इंग्रजी आलेला असतो. फाइल नेहमीच्या फोल्डरऐवजी भलतीकडेच सेव्ह होत असते. 'सेटिंग्ज गेल्या' हे दोन शब्द तिला ठाऊक नसतात, म्हणून ती म्हणते, सगळं गेलं. मला विचाराल तर तिचंच वर्णन जास्त बरोबर आहे.

तर मंडळी, आजचा विषय दिसायला रुक्ष आहे : डेस्कटॉपवरच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की जुन्या सेटिंग्जचं काय व्हावं? माझं मत आधीच सांगून टाकतो. सेटिंग्ज वापरणाऱ्याच्या मालकीच्या असतात, प्रोग्रामच्या नाही. प्रोग्राम त्या फक्त सांभाळायला ठेवतो. जी आवृत्ती त्या न विचारता पुसते तिच्यात नव्या सोयी कितीही असोत, ती अर्धवटच आहे.

सेटिंग म्हणजे नुसती टिकमार्क नव्हे, त्यामागे मेहनत असते. आमच्या दौलताबादच्या रस्त्यावरचं एखादं कृषी सेवा केंद्र डोळ्यांसमोर आणा. बिलाचे कागद छापून आणलेले. त्यावर खताच्या पोत्याचा भाव नेमक्या रकान्यात पडावा म्हणून दुकानातल्या मुलानं चार दिवस कागद वाया घालवून डावी-उजवी बाजू मिलिमीटरमध्ये जुळवलेली. कोणता प्रिंटर, किती प्रती, शेतकऱ्याचं नाव कोणत्या फाँटात, सगळं एकदा बसलं की तीन-चार वर्षं कुणी त्या खिडकीत डोकावत नाही. जुळवणारा मुलगा दरम्यान नोकरी सोडून वाळूजच्या एखाद्या कंपनीत लागलेला असतो. मग एके दिवशी नवी आवृत्ती येते, ऐन पेरणीच्या गर्दीत बिलावरचा भाव बॅच नंबरच्या रकान्यात छापला जातो, आणि ते आकडे काय होते हे सांगणारा आता कुणीच नसतो. आपण याला घडी बसणं म्हणतो. घडी बसायला वेळ लागतो आणि विस्कटायला एक 'नेक्स्ट' पुरतं.

मराठीपुरतं तर हे प्रकरण याहून गंभीर आहे. युनिकोड रुळण्याआधीची आपली कित्येक वर्षं श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांवर गेली. त्या काळच्या प्रोग्रामांत नाव साठवलं जायचं ते मराठी अक्षर म्हणून नव्हे, तर कुठल्यातरी इंग्रजी चिन्हांची ओळ म्हणून. ती ओळ त्या विशिष्ट फाँटातच मराठी दिसायची. म्हणजे 'कोणता फाँट' ही सेटिंग तिथे सजावट नव्हतीच, ती किल्ली होती. नव्या आवृत्तीनं ती पुसून एरियल लावला की दहा वर्षांच्या खातेदारांची नावं म्हणजे कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांचा चिवडा. विदा शाबूत, पण वाचता येत नाही. सहकारी संस्थांची, पतपेढ्यांची, छोट्या छापखान्यांची अशी जुनी कपाटं आजही आहेत. तिथल्या माणसाला 'सेटिंग्ज पुन्हा लावून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे' असं सांगणाऱ्यानं आधी तो चिवडा एकदा बघावा.

आणखी एक शांतपणे होणारं नुकसान शब्दसंग्रहाचं. तुम्ही मराठी लिहिता, शुद्धलेखन तपासणारा 'खुलताबाद'खाली लाल रेघ मारतो, तुम्ही तो शब्द त्याच्या वहीत घालता. मग वेरूळ, मग म्हैसमाळ, मग आडनावं, मग शेतीचे शब्द. पाच वर्षांत एक छोटा कोश तयार होतो, कुठल्याही प्रकाशकाकडे नसलेला. तो साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये पडून असतो आणि प्रोग्रामच्या दृष्टीनं ती किरकोळ सेटिंग असते.

आता हे जातं कसं? दुष्टपणानं नाही. बहुधा कुठे ठेवायचं हे नीट न ठरवल्यानं. रीती मुख्यतः तीन.

पहिली रीत, सेटिंग्ज प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवायच्या. जुन्या विंडोजवरच्या कित्येक प्रोग्रामांची ती वहिवाट होती. भाड्याच्या घरात भिंतीतल्या कोनाड्यात दागिने ठेवावेत तसं. मालकानं भिंत पाडून नवी बांधली की कोनाड्यासकट दागिने गेले. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि साध्या वापरकर्त्याला त्या फोल्डरमध्ये लिहायची बंदी झाली. जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टनं एक पळवाट ठेवली : प्रोग्रामला वाटतं आपण तिथेच लिहितोय, प्रत्यक्षात ते प्रत्येकाच्या खात्यातल्या एका आडोशाच्या फोल्डरमध्ये जातं. परिणाम असा की एकाच फाइलच्या दोन प्रती. नव्या आवृत्तीनं एक बदलायची आणि प्रोग्रामनं दुसरी वाचायची. शोधत बसा!

दुसरी रीत, सेटिंग्ज वापरणाऱ्याच्या खात्यात ठेवायच्या, पण फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा घालायचा. २००५ च्या डॉट नेट २.० मध्ये सेटिंग्जची जी तयार सोय आली ती अशीच आहे. आवृत्तीचा चार भागांचा आकडा बदलला की प्रोग्राम नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये बघतो. जुन्या सेटिंग्ज शेजारच्या फोल्डरमध्ये सुखरूप असतात, फक्त त्यांच्याकडे कुणी बघत नाही. त्या पुढे आणायला 'अपग्रेड' नावाची एक आज्ञा आहे, पण ती लिहिणाऱ्यानं आठवणीनं द्यावी लागते. नेहमीची युक्ती अशी की सेटिंग्जमध्येच 'अजून आणायच्या आहेत का?' असा एक हो/नाही ठेवायचा, त्याचं मूळ उत्तर 'हो' असायचं. पहिल्यांदा उघडताना ते 'हो' दिसलं की जुन्या आणायच्या आणि तिथे 'नाही' लिहून जतन करायचं. दोन-चार ओळींचं काम. आकडा आपोआप वाढेल अशी व्यवस्था करून ही आज्ञा विसरलं, तर मात्र प्रत्येक किरकोळ दुरुस्तीबरोबर गिऱ्हाइकाचा संसार नव्यानं सुरू.

तिसरी रीत सगळ्यात फसवी. सेटिंग्ज येतात, पण त्यांचा अर्थ बदललेला असतो. याचं उदाहरण शोधायला आम्हाला लांब जावं लागत नाही, आमच्या पत्त्यातच आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. या जिल्ह्यांतल्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या प्रोग्रामांत 'जिल्हा' ही सेटिंग होतीच. आता समजा, प्रोग्रामनं ती नावानं साठवली आहे आणि नव्या आवृत्तीच्या यादीत जुनं नावच नाही. साठवलेलं नाव यादीत सापडलं नाही तर पुष्कळ प्रोग्राम सरळ यादीतलं पहिलं नाव दाखवतात. आणि महाराष्ट्राच्या जिल्ह्यांची इंग्रजी वर्णक्रमानं यादी लावली तर पहिला कोण येतो? अहमदनगर, किंवा आताचा अहिल्यानगर! म्हणजे नाव बदललं एकाचं आणि दुकान गेलं थेट शेजारच्या जिल्ह्यात. :-)

हसण्यावारी नेलं तरी यात तीन शहाणपणाच्या गोष्टी दडलेल्या आहेत. एक, नावं बदलतात, खुणेचे आकडे सहसा बदलत नाहीत. शहराचं नाव बदललं तरी इथल्या गाड्यांवर एमएच २० च आहे, जीएसटीत महाराष्ट्राचा आकडा २७ च आहे. तेव्हा आत साठवायचा तो आकडा, दाखवायचं ते नाव. दोन, वापरणाऱ्यानं स्वतःच्या हातानं टाइप केलेला पत्ता आणि त्यानं यादीतून निवडलेला जिल्हा या वेगळ्या गोष्टी आहेत. निवडलेलं तुम्ही बदलून द्या, पण टाइप केलेलं बदलण्याआधी त्याला विचारा. त्याचे लेटरहेड अजून शिल्लक असतील, बँकेतलं नाव वेगळं असेल, कारण काहीही असो. तीन, २०१९ चं बिल आज पुन्हा छापलं तर त्यावर तेव्हाचाच पत्ता यायला हवा. ती नोंद आहे, सेटिंग नव्हे. सेटिंग पुढच्या कामासाठी असते, मागचं पुसण्यासाठी नसते.

दौलताबादचं नाव निघालंच आहे, तर तुघलकाशिवाय कसं भागेल? १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकानं देवगिरीचं दौलताबाद करून राजधानी इथे आणली. सगळी दिल्ली उठवली असं सांगायची पद्धत आहे. प्रत्यक्षात हलली ती मुख्यतः सरदार, उलेमा, सुफी आणि दरबाराशी जोडलेली घराणी, असं बरेच इतिहासकार मानतात. दख्खनवर लक्ष ठेवायला मध्यावरची जागा हवी, हे कारण काही वेडेपणाचं नव्हतं. पण ज्यांना हलायचं त्यांना कुणी विचारलं नाही, आणि काही वर्षांत दरबार परतही गेला. राहिलं काय? माणसं आपल्याबरोबर घेऊन आली होती ते. बुऱ्हानुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्झी खुलताबादच्या मातीत आहेत. उत्तरेकडून आलेली बोली इथल्या मराठीत मिसळत दखनीच्या वळणाला लागली, तिनं आपल्या 'नको'चं 'नक्को' केलं, आणि ते आजही शहागंजच्या बाजारात ऐकू येतं. राजधानी बदलली म्हणून माणूस बोलायला नव्यानं शिकत नाही. तो आपली सवय घेऊनच येतो, आणि नव्या जागेनं तिला जागा द्यायची असते. एवढी साधी गोष्ट हुकूम काढणाऱ्याच्या लक्षात येत नाही, मग तो सुलतान असो की सॉफ्टवेअर कंपनी.

मोठ्या मोठ्यांचीही यात त्रेधा उडालेली आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं एक मोठं अपडेट मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच थांबवावं लागलं, कारण काही लोकांच्या फाइली पुसल्या गेल्या. ज्यांनी आपलं डॉक्युमेंट्सचं फोल्डर दुसरीकडे हलवलं होतं त्यांच्याकडे जुन्या जागी एक जादा फोल्डर उरायचं. ते रिकामं आहे असं धरून नव्या आवृत्तीनं साफ केलं, पण काहींच्या त्या जुन्या फोल्डरमध्ये फाइली होत्या. फायरफॉक्सचं उदाहरण सौम्य आहे. मे २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून संगणकावरच्या प्रत्येक वेगळ्या फायरफॉक्सला स्वतःचं वेगळं प्रोफाइल मिळू लागलं. हेतू चांगला होता, दोन आवृत्त्यांनी एकमेकींची मोडतोड करू नये. पण काहींना न्याहाळक उघडल्यावर खुणा आणि पासवर्ड दिसेनात. ते हरवले नव्हते, जुन्या प्रोफाइलमध्ये होते. तांत्रिकदृष्ट्या काहीच गेलं नव्हतं. आमच्या आत्याच्या भाषेत सगळं गेलं होतं.

उलट बाजूला लिबरऑफिस बघा. त्याचं वापरणाऱ्याचं फोल्डर ४.० आवृत्तीच्या वेळी, म्हणजे २०१३ मध्ये, '४' या नावानं ठरलं. पुढे ५ आली, ६ आली, ७ आली, मग वर्षावरून आकडे द्यायला लागले आणि २४.२ आली. फोल्डरचं नाव '४' च. कुणाला ते गबाळं वाटेल. मला त्यात शहाणपण दिसतं. पाटीवरचा आकडा दुकानाचा, आतली पेटी गिऱ्हाइकाची.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण मी स्वतः त्याच धंद्यातला आहे. ते म्हणतात, जुन्या सेटिंग्जबरोबर जुना कचराही येतो आणि निम्म्या तक्रारी सेटिंग्ज पुसल्या की मिटतात. खरं आहे. पण पुसायचीही रीत असते. फायरफॉक्समध्ये 'ताजं करा' अशी सोय आहे. ती खुणा आणि पासवर्ड राखते आणि बाकीचं जुनं सामान एका फोल्डरमध्ये बांधून डेस्कटॉपवर ठेवते. दिवाळीची साफसफाई अशी असावी. काढलेलं सामान आधी अंगणात मांडायचं, घरच्यांना दाखवायचं, मग भंगारवाल्याला हाक मारायची.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. काही जुन्या निवडी धोक्याच्या ठरतात. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. लोकांची गैरसोय झाली, पण त्या वाटेनं येणाऱ्या चोरांचा विचार केला तर ते बरोबरच होतं. इथे वापरणाऱ्याची घडी मोडावी लागते हे मला मान्य आहे. अट एकच, काय बंद केलं आणि का, हे पडद्यावर त्याच्या भाषेत सांगा. गुपचूप नको.

तिसरा मुद्दा, आता सगळं क्लाउडवर असतं, मग चिंता कसली? चिंता अशी की एका संगणकावर नव्या आवृत्तीनं कोरी पाटी लिहिली तर ती कोरी पाटीसुद्धा तितक्याच तत्परतेनं बाकीच्या संगणकांवर पोचते. प्रत अनेक ठिकाणी असणं आणि जुनी प्रत राखणं या दोन गोष्टी एक नाहीत.

मग करावं काय? सेटिंग्ज प्रोग्रामपासून वेगळ्या, वापरणाऱ्याच्या खात्यात ठेवाव्यात. त्या फाइलीला तिचा स्वतःचा आकडा द्यावा, प्रोग्रामचा नव्हे. १ वरून २, २ वरून ३ असे एकेका पायरीचे बदल लिहावेत, म्हणजे चार वर्षं अपडेट न केलेला दुकानदारही पायऱ्या चढत वर येतो. बदल करण्याआधी जुन्या फाइलीची प्रत बाजूला ठेवावी. फाइल वाचता आली नाही तर तिच्यावर मूळ सेटिंग्ज कधीही लिहू नयेत, थांबून विचारावं. आपल्याला न कळणारी एखादी ओळ दिसली तर ती तशीच राहू द्यावी, ती पुढच्या आवृत्तीची असू शकते. आणि वापरणाऱ्यानं मुद्दाम बदललेलं तेवढंच साठवावं. म्हणजे उद्या तुम्ही मूळ निवड बदललीत तरी ज्यानं काही ठरवलं नव्हतं त्याला नवी मिळते आणि ज्यानं ठरवलं होतं त्याचं तसंच राहतं. यात अवघड काही नाही. अडचण एवढीच की नव्या सोयींची जाहिरात करता येते, 'तुमचं काहीही बदललं नाही' याची कुणी करत नाही.

आपण वापरणाऱ्यांनीही थोडं करावं. सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला आपण भाव विचारतो, सर्व्हिस विचारतो. जोडीला एवढं विचारा : "पुढच्या वर्षी नवं व्हर्जन टाकलं तर आमची बिलाची मांडणी राहील का? आणि ती पेनड्राइव्हवर काढून घेता येते का?" उत्तर देताना तो अडखळला तर समजून घ्या. बिलाच्या प्रिंटिंगच्या खिडकीचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, बिलाच्या मिलिमीटरसकट. आणि शब्दसंग्रहाची ती छोटी फाइल वर्षातून एकदा तरी ईमेलनं स्वतःलाच पाठवा.

असो. माझ्या या मतावर माझेच सहव्यवसायी नाराज होतील, त्यांनी जरूर लिहावं. बाकीच्यांनी आपापल्या अपडेटच्या कहाण्या सांगाव्यात. आणि आत्या, अक्षर मोठं करायला कंट्रोल दाबून ठेव आणि माऊसचं चाक पुढे फिरव. न्याहाळकात आणि वर्डमध्ये तरी ते चालतंच.